कमानीच्या पैशांबद्दल: आमच्या मुंबईकर मंडळाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व सभासद, आमच्या गावचं मुंबईकर मंडळ;
तसंच गावातले बारा-पाचाचे मानकरी, वाडीवाडीतल्या आयाबाया आणि कलमं राखणारे गडी यांसी,

स. न. वि. वि.

मंडळाचं पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलं. वर माझा अठरा वर्षांपूर्वीचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, 'सापाच्या विषावर औषध शोधून काढणाऱ्या आपल्या गावच्या सुकन्या'. यंदाच्या जत्रेला दशावतार उभा राहण्याआधी सत्कार, आणि तिठ्यावर माझ्या नावाची कमान. कमानीचं कोटेशन तीन लाख दहा हजाराचं आलंय आणि वर्गणीची पावतीपुस्तकं निघालीत, हे खजिनदारांनीच फोनवर सांगितलं.

सापाच्या विषावरचं औषध मी शोधलेलं नाही. पत्रकातलं ते वाक्य आधी काढा. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्हाला हे उद्धटपणाचं वाटेल, म्हणून एक जुनी गोष्ट आठवण करून देते. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला तेव्हा बाबा लालबागला आपल्या गावकरी खोलीत राहत होते आणि मी रत्नागिरीला कॉलेजात होते. मार्च उजाडला तरी पगार नाही. तेव्हा मंडळाने, ज्यातले निम्मे सभासद स्वतः संपावर होते, माझ्या परीक्षेच्या फीसाठी आणि खानावळीसाठी तीनशे रुपये पाठवले. ती मनीऑर्डरची चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे. त्या तीनशे रुपयांनी मी माणसात आले. तुमचा सत्कार नाकारायचा माझा हक्क नाही, हे मला कळतं. पण तीन लाख दहा हजार कशावर खर्च व्हावेत, याबद्दल दोन शब्द बोलायचा असावा.

ज्याला आपण सगळे 'सापाची लस' म्हणतो, ती मुळात लस नव्हेच, ते प्रतिविष. लस टोचली की आपलं शरीर स्वतः प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला किंवा विषाला धरून ठेवणारी रक्तातली प्रथिनं, बनवायला शिकतं. त्याला दिवस लागतात, आठवडे लागतात. साप चावल्यावर एवढा वेळ कुठला? म्हणून दुसऱ्या कुणीतरी आधीच बनवून ठेवलेली प्रतिपिंडं उसनी घ्यायची. शेजारच्या घरातून वाटीभर साखर आणावी तशी. इथे शेजारी म्हणजे घोडा. घोड्याला विषाचा आधी अगदी बारीक डोस देतात, मग महिनोन् महिने थोडा थोडा वाढवत नेतात. घोड्याचं रक्त त्या विषाला धरून ठेवणारी प्रतिपिंडं बनवतं. मग घोड्याचं थोडं रक्त काढून त्यातली प्रतिपिंडं वेगळी करतात, पेप्सिन नावाच्या पाचक रसाने त्यांचा नको तो भाग कापून टाकतात, सुकवून भुकटी करतात आणि बाटलीत भरतात. घोडा पुन्हा चरायला मोकळा.

मी पहिल्यांदा सुट्टीत घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई चुलीपुढून म्हणाली होती, "घोड्याचा रगात माणसाच्या आंगात? आणि तो मगे खिंकाळूक लागलो तर?" आम्ही खूप हसलो. पुढे शिकल्यावर कळलं, की आईचा प्रश्न अडाणी नव्हता. घोड्याची प्रतिपिंडं परकी आहेत हे आपलं शरीर ओळखतं आणि आठ-पंधरा दिवसांनी कधीकधी त्यांच्याविरुद्धच प्रतिपिंडं बनवून ताप, सांधेदुखी, अंगावर पित्त आणतं. माणूस खिंकाळत नाही, पण घोडा अंगात आलाय हे शरीराला कळतं ते असं.

ही उसनवारीची युक्ती जुनी आहे. १८९० मध्ये बर्लिनला बेहरिंग आणि जपानहून आलेले किटासाटो यांनी धनुर्वात आणि घटसर्प यांच्याबाबतीत ती दाखवली. १८९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेतने तीच नागाच्या विषाला लावली. म्हणजे माझा जन्म व्हायच्या सदुसष्ट वर्षं आधी. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेतही कित्येक दशकं घोड्यांवर हेच काम चाललं. लालबागच्या खोलीतले तुम्ही लोक रोज त्या भिंतीवरून ये-जा करत होता.

मग मी चौतीस वर्षं काय केलं?

ते सांगायला काकीपासून सुरुवात करावी लागते. १९७१ चं साल. दसरा होऊन गेला होता, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गवत कापायची घाई. काकी विळ्याने गवत कापत होती आणि मी पेंढ्या बांधत होते. मध्येच तिने हात झटकला आणि म्हणाली, "कायतरी काटो टोचलो." बोटावर दोन ठिपके. कातळावर दगडाच्या कपारीत खवले घासल्याचा तो करवतीसारखा आवाज मी ऐकला, पण बोलले नाही, कारण नऊ वर्षांच्या पोरीला काय कळतं. बोट सुजलं. देवाकडे गाऱ्हाणं घालणाऱ्या घाड्याला बोलावलं, गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. चावलं होतं ते फुरसं. ते नागासारखं झटपट मारत नाही, म्हणूनच लोक फसतात. दुसऱ्या दिवशी काकीने भाकऱ्या भाजल्या. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. विळ्याचा आठवडाभरापूर्वीचा, सुकलेला एक कापलेला व्रण होता, त्यातूनही रक्त झिरपायला लागलं. पाचव्या दिवशी ती गेली. घाड्यावर माझा राग नाही. खाडी ओलांडायला होडी, पलीकडे एस.टी., आणि त्याच्याही पुढे डॉक्टर, असा तो काळ होता.

तो सुकलेला व्रण पुन्हा कसा उघडला, या एका प्रश्नाने मला प्रयोगशाळेत नेलं. उत्तर मात्र दुसऱ्यांनी आधीच शोधून ठेवलेलं निघालं. फुरशाच्या विषात एक विकर (एन्झाइम) असतं, ते रक्त गोठवणारी यंत्रणा अवेळी चालू करतं. शरीरात ठिकठिकाणी बारीक बारीक गुठळ्या होत राहतात, त्यात गोठवायचा सगळा माल संपून जातो, आणि मग खरी जखम झाली की गोठवायला काही उरत नाही. पावसाआधीच बांधावरची माती भलतीकडे टाकून संपवावी आणि पूर आल्यावर हात रिकामे राहावेत, तसं.

(खजिनदारसाहेब, रागावू नका, पण तुमच्या अँजिओप्लास्टीची आठवण झाली. टिरोफिबान नावाचं एक औषध हृदयाच्या रुग्णांना देतात, रक्तात गुठळी होऊ नये म्हणून. त्याची मूळ कल्पना फुरशाच्याच विषातल्या एका प्रथिनावरून आली. तुम्हाला ते दिलं की नाही हे मला माहीत नाही. दिलं असेल तर आपल्या सड्यावरच्या त्या वीतभर प्राण्याचे तुमच्यावर उपकार आहेत.)

मी शिकले ते प्रतिपिंडांचं शास्त्र. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपलं शरीर कोट्यवधी वेगवेगळी प्रतिपिंडं बनवू शकतं, पण आपल्याकडे जनुकं मोजकी. मग हे जमतं कसं? सुसुमु तोनेगावा यांनी ते उलगडलं आणि १९८७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मला ते पेपर वाचताना आपली दशावतारी कंपनी आठवली. पेटारे दोन-चार. त्यात काही मुकुट, काही शेले, काही मिश्या, काही तलवारी. पण या मुकुटाला ती मिशी, त्या शेल्याला ही गदा असं जुळवत गेलं की एकाच पेटाऱ्यातून रावणही निघतो, भीमही निघतो आणि नारदही. प्रतिपिंडं बनवणारी प्रत्येक पेशी जनुकांच्या तुकड्यांचा असाच एकेक वेष जुळवते आणि मग आयुष्यभर तोच वेष घेऊन उभी राहते. विष, विषाणू, जंतू, जे कुणी येईल त्याच्यासमोर ज्याचा वेष बरोबर बसतो त्याला टाळ्या मिळतात, म्हणजे ती पेशी वाढते. पुढची कित्येक वर्षं मी विद्यार्थ्यांना हेच उदाहरण दिलं. दिल्ली-बंगळुरूच्या पोरांना आधी दशावतार समजावून सांगावा लागायचा, त्यात अर्धा तास जायचा, पण गेलेला वेळ वसूल व्हायचा.

१९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी अशी एक पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडून तिला अमर केलं. ती मग एकाच प्रकारचं प्रतिपिंड पाझरत राहते. त्यांनी त्याचं पेटंटही घेतलं नाही, त्यामुळे आमच्यासारख्या गरीब प्रयोगशाळांनाही ते शिकता आलं. मला वाटलं, घोडा नको, फुरशाच्या विषातला नेमका तो विकर पकडणारं एकच प्रतिपिंड बनवू. उंदराच्या प्लीहेतल्या पेशी काढायच्या, जोडायच्या, आणि जुळलेल्या तेवढ्याच जगतील अशा द्रावणात ठेवून द्यायच्या. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. बहुतेक सकाळी काहीच नसायचं. दोनदा सगळी वाढ जंतूंनी नासवली. एकदा चांगली पेशी हाताला लागली, आणि चौथ्या महिन्यात तिने प्रतिपिंड बनवायचंच सोडून दिलं, काहीही कारण न देता. मग २६ जुलै २००५ चा पाऊस. आमचे फ्रीझर तळमजल्यावर होते. पाणी कंबरेपर्यंत आणि वीज तीन दिवस नाही. सहा वर्षांच्या पेशी मी माझ्या हाताने बादलीत ओतल्या. त्या दिवशी मी रडले नाही. रडले नंतर, जेव्हा हिशेबखात्याने त्या बाटल्या कुठल्या रजिस्टरमधून कमी करायच्या असं लेखी विचारलं.

उरलेली वर्षं मी जे केलं ते सांगायला फारसं चमकदार नाही. मी मोजलं. कुठल्या विषाला कुठली प्रतिपिंडं किती घट्ट धरतात हे मोजणं, हेच माझं काम झालं. भारतातलं प्रतिविष चार सापांवर चालतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. त्यासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. हे लोक साप पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढतात आणि पुन्हा सोडून देतात. मोठं काम आहे ते. पण एकाच जातीच्या सापाचं विष जागोजागी वेगळं असतं. आपल्या कातळावरचं फुरसं आणि तमिळनाडूतलं फुरसं एकाच जातीचं असलं तरी विष तंतोतंत तेच असेल असं नाही. म्हणजे घोडा ज्या विषावर शिकला ते एकीकडचं, आणि माणसाला चावलेलं विष दुसरीकडचं. आणि आंबोलीकडचा हिरवा चापडा तर त्या चौघांत बसतच नाही. हे प्रश्न माझ्या हातून सुटले नाहीत. आता तरुण मंडळी भिडली आहेत. २०२४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून प्रयोगशाळेत घडवलेलं असं प्रतिपिंड दाखवलं, की जे नाग-मण्यार या कुळातल्या बऱ्याच सापांच्या, मज्जातंतूंवर चालणाऱ्या विषाला अडवतं. वाचून मला इतका आनंद झाला की शेजारणीला बोलावून चहा केला. मात्र ते फुरशावर चालत नाही. आपलं फुरसं अजून घोड्यावरच आहे.

देशात वर्षाला सर्पदंशाने सरासरी ५८,००० माणसं मरतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अभ्यासकांचा अंदाज आहे. औषध सव्वाशे वर्षं जुनं असताना. यातली फार थोडी माणसं उत्तम प्रतिपिंड नसल्यामुळे मरतात. चौतीस वर्षं प्रतिपिंडांवर काढलेल्या बाईने हे लिहावं याचं मला वाईट वाटतं, पण खरं तेच आहे.

आता सहा वर्षांपूर्वीची रात्र. त्याच काकीचा नातू. कलमांना पाणी सोडून पायवाटेने घरी येताना पायाला फुरसं चावलं, रात्री साडेआठला. पहिल्या ठिकाणी सांगितलं, पुढे न्या. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, औषध आहे पण रिअ‍ॅक्शन आली तर सांभाळायला कुणी नाही, पुढे न्या. कुठली ठिकाणं ते लिहीत नाही, कारण हे कुठेही झालं असतं. पावणेअकराला पोरगा तिसऱ्या ठिकाणी. तिथला डॉक्टर चांगला होता, तरुण होता, आणि घाबरलेला होता. पोराचा पाय सुजला होता, पण रक्त कुठून येत नव्हतं. विष अंगात पसरलंय की नाही? भावाने मला फोन लावून दिला. मी औषधाची डॉक्टर नाही, औषध सांगायचा मला अधिकार नाही. मी एवढंच विचारलं, "काचेची नळी आहे का?"

कारण चाचणी एवढीच आहे. दोन मिलिलिटर रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं. वीस मिनिटं हलवायचं नाही. मग नळी तिरपी करायची. रक्त गोठलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात आहे, प्रतिविष द्यायला हवं. नळी काचेचीच हवी, कारण काचेला लागूनच रक्त गोठायला लागतं. प्लॅस्टिकमध्ये तसं होत नाही. साबणाने धुतलेलीही चालत नाही.

"सगळ्या प्लॅस्टिकच्या आहेत, मॅडम."

तेव्हा कुणालातरी जवळच्या हायस्कूलची आठवण झाली. शिपायाला झोपेतून उठवलं. तो लुंगीवर, बॅटरी घेऊन, प्रयोगशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा शोधत आला आणि रसायनशास्त्राच्या कपाटातली परीक्षानळ्यांची न फोडलेली पेटी घेऊन मोटरसायकलच्या मागे बसला. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी नळी तिरपी केली. रक्त वाहिलं. डॉक्टरने रिअ‍ॅक्शन आली तर हाताशी असावं म्हणून अ‍ॅड्रेनलिन भरून बाजूला ठेवलं आणि दहा बाटल्या लावल्या, सहा तासांनी पुन्हा चाचणी, पुन्हा बाटल्या. पोरगा तिसऱ्या आठवड्यात घरी आला. गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं, तुमच्यापैकी कितीतरी जण जेवून गेलात.

सत्कारच करायचा तर त्या शिपायाचा करा. तो निवृत्त होऊन आपल्याच पलीकडच्या वाडीत राहतो. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही.

आता पैशांचं. कमानीच्या तीन लाख दहा हजारात काचेच्या नळ्या किती येतील याचा हिशेब मी करत नाही, हसू येईल. आपल्या आणि आजूबाजूच्या आरोग्य केंद्रांना पाच वर्षं पुरतील एवढ्या नळ्या घ्या आणि पेट्यांवर मोठ्या अक्षरांत 'धुवू नये' असं लिहा. गवत कापणाऱ्या आणि रात्री कलमं राखणाऱ्या प्रत्येकाला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि चांगली बॅटरी द्या. नेपाळहून आलेल्या राखणदारांनाही, ते वर्गणी देत नाहीत म्हणून वगळू नका. रात्री कुणाची गाडी कुणी काढायची याची पाळी ठरवा, आणि डिझेलचे पैसे मंडळाने द्यावेत, म्हणजे फोन आल्यावर कुणी 'टाकीत तेल नाही' म्हणणार नाही. गावातल्या बायकांना एवढंच शिकवा, की दोरी आवळू नये, कापू नये, चोखू नये, साप मारून सोबत आणायच्या नादी लागू नये, पाय हलू न देता माणसाला थेट दवाखान्यात न्यावं. गाऱ्हाणं घालायचं असेल तर गाडीत बसल्यावर घाला.

आणि एक वही. यावर मी जास्त जोर देते. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाच्या दंशाने माणसं पटापट मरताना पाहिली, तेव्हा त्यांच्याकडे कुठली प्रयोगशाळा होती? ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून नाडी, घाम, रक्तदाब लिहीत राहिले. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि रक्तदाबाच्या प्राझोसिन या साध्या गोळीने तांबड्या विंचवाच्या दंशाचं चित्रच पालटलं. पद्मश्री पुढे २०२२ मध्ये मिळाली, पण कामाची सुरुवात टिपणांची होती. आपल्या गावात कोण, कुठे, किती वाजता, कशाने चावलं, किती वाजता पोचला, नळीत काय दिसलं, किती बाटल्या लागल्या, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करायला सांगितलं. ती नोंद वर जाईल तेव्हा जाईल, आपली वही आपल्याकडे हवी. तुमच्यात बँकेतून निवृत्त झालेले निदान सात जण आहेत, ज्यांचं अक्षर चांगलं आहे आणि ज्यांना घरी कुणी विचारत नाही. त्यांना हे काम द्या. फुरशाचं आपल्याकडचं विष वेगळं आहे का, हे उद्या ज्या पोरीला शोधायचं असेल, तिला पहिली वस्तू लागेल ती ही वही.

राहिला डॉक्टरांचा प्रश्न. प्रतिविष सरकारी केंद्रात फुकट मिळतं, ते बहुतेक वेळा असतंही. नसतो तो द्यायचा धीर. तो शिकवून येतो. तुमच्यातले जे लोक मंत्रालयात शिपाई, क्लार्क, अधिकारी होते, त्यांनी अर्जावर अर्ज करून आपल्या तालुक्यातल्या डॉक्टर-नर्सना दरवर्षी पावसाआधी एक दिवसाचं प्रशिक्षण मिळवून द्यावं. अर्ज कसा मुरवायचा हे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे कसा उठवायचा हेही माहीत असणार.

जत्रेला मी येते. शाल नको, श्रीफळ द्या, ते घरी लागतं. रंगमंचावर मला गणपती येण्याआधी पाच मिनिटं द्या. आरोग्य केंद्रातली सिस्टर माझ्याच हातातून दोन मिलिलिटर रक्त काढेल आणि काचेच्या नळीत घालून सगळ्यांना दिसेल अशी पेटाऱ्यावर ठेवेल. मग गणपती येऊ दे, रिद्धी-सिद्धी नाचू दे, भटजीबुवांचे विनोद होऊ देत. वीस मिनिटं झाली की मध्येच थांबून नळी उलटी करायची. उलटी करायला वर कोण येणार ते तेवढं ठरवून ठेवा. मला काकीच्या घरातलं कुणी आलेलं आवडेल.

तुमची,
खालच्या वाडीतली

ता. क. पत्रकात माझ्या नावामागे 'डॉक्टर' छापलंय ते चुकीचं नाही, पण काढलंत तर बरं. मागच्या मे महिन्यात माझ्या ओटीवर सकाळी सातला चौदा माणसं गुडघे दाखवायला बसली होती.